मास्क खिशात का राहतो? कॉलेजच्या पोरांच्या डोक्यातला हिशेब

कॉलेजच्या गेटवर मास्क नाकावर, जिन्यात हनुवटीवर आणि कट्ट्यावर चहा येईपर्यंत खिशात. २० ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रातली कॉलेजं पुन्हा प्रत्यक्ष भरायला लागली, तेव्हा कोल्हापुरात कुठल्याही कॉलेजच्या आवारात थोडा वेळ थांबलं तरी मास्कचा हा प्रवास दिसायचा. पोरगा तोच, मास्क तोच आणि कोरोना कसा पसरतो याची माहितीही तीच. दहा मिनिटांत बदलायची ती जागा आणि भोवतालची माणसं. त्यामुळे ‘पोरांना कळत नाही, त्यांना समजावून सांगा’ हा सल्ला सुरुवातीलाच बाजूला ठेवलेला बरा. समजावण्यात कुणी कमी केलं नव्हतं; फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज आणि मग सूचना, हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

मग मास्क वरखाली कशामुळे होतो? याची उत्तरं बऱ्यापैकी सापडलेली आहेत. पुढच्या साथीत, किंवा एखाद्या वर्षी फ्लू जोरात असताना, कॉलेजांना ती कामाला येतील.

धोका माहीत असणं आणि धोका वाटणं

हा अभ्यास मास्कपासून नाही, क्षयरोगापासून सुरू झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं छातीच्या एक्स-रेच्या गाड्या वस्त्यांमध्ये नेऊन उभ्या केल्या. तपासणी मोफत, तरी लोक येईनात. का येत नाहीत हे शोधताना हॉकबॉम, रोझेनस्टॉक वगैरे मानसशास्त्रज्ञांनी एक चौकट मांडली, ती आजही आरोग्याच्या जवळपास प्रत्येक सर्वेक्षणात वापरली जाते. माणूस मनातल्या मनात काही प्रश्न विचारतो, बहुतेक वेळा नकळत. मला हे होईल का? झालं तर किती वाईट होईल? या उपायानं खरंच फरक पडतो का? करायला त्रास किती? कुणी आठवण करून देतंय का? सहावा प्रश्न बराच उशिरा, १९८८ मध्ये जोडला गेला: हे मला नीट जमेल का?

कागलहून एसटीनं येणाऱ्या एकोणीस वर्षांच्या बी.एस्सी.च्या मुलाला हे प्रश्न लावून बघा. होईल का? होईलही. किती वाईट? दोन दिवस ताप, मग उतरेल. यात तो फारसा चुकतही नाही, कारण कोविडमध्ये वय हा धोक्याचा सगळ्यांत मोठा घटक होता आणि विशीतल्या माणसाला गंभीर आजार होण्याची शक्यता सत्तरीतल्या माणसाच्या कितीतरी पटींनी कमी होती. स्वतःपुरता हिशेब बरोबर. फक्त तो स्वतःपाशीच थांबतो. कोल्हापुरातली बरीच मुलं हॉस्टेलवर राहत नाहीत. करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगले भागातून रोज ये-जा करतात आणि संध्याकाळी आजी-आजोबा असलेल्या घरात जेवायला बसतात. ‘तुला काही होईल’ हे वाक्य या मुलाला खोटं वाटतं. ‘तू घरी नेशील’ हे वाटत नाही.

इथे एक सावधगिरी. दुसऱ्यासाठी कोरोनाची काळजी घ्या असं सांगणं स्वतःसाठी घ्या असं सांगण्यापेक्षा जास्त परिणाम करतं, असं २०२० च्या सुरुवातीच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. त्याच संशोधकांनी थोड्या दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा फरक उरला नव्हता. म्हणजे आजीचं नाव घेतल्यानं जादू होणार नाही. तरण्या मुलांसमोर ते निदान खोटं पडत नाही, एवढाच त्याचा फायदा.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘आपल्याला काय होतंय’. ही कोल्हापूरची खासियत नव्हे. मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाच विचारलं होतं की तुमच्या वर्गातल्या इतरांच्या तुलनेत तुमच्या बाबतीत अमुक घडण्याची शक्यता किती? चांगल्या गोष्टी आपल्याला जास्त मिळतील आणि वाईट गोष्टी इतरांना जास्त होतील, असं सरासरी उत्तर आलं. सगळेच सरासरीपेक्षा नशीबवान असू शकत नाहीत, पण असं वाटायला कुणाची हरकत नसते. आकडे दाखवले की हा समज जातो असंही नाही. ‘असेल पॉझिटिव्हिटी जास्त, पण आपण काय गर्दीत जातोय?’ हे गर्दीच्या केएमटीत, म्हणजे शहराच्या बसमध्ये, उभं राहूनही म्हणता येतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष गेलं. आपल्या माणसाकडून धोका कमी वाटतो. अनोळखी माणूस शिंकला तर आपण मागे सरकतो. रोजचा मित्र शिंकला तर ‘पावसात भिजलास का रे?’ एवढंच विचारतो. आपल्या गटातल्या माणसाच्या वस्तूची, स्पर्शाची, सहवासाची भीती कमी वाटते हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. विषाणूच्या दृष्टीनं हे अगदी उलटं आहे, कारण जास्त वेळ, जास्त जवळ आणि जास्त मोठ्यानं बोलणं मित्रांमध्येच होतं. एका ताटलीतली भेळ, दोघांत एक कटिंग, एकाच्या पुडीतला मावा. मास्क नेमका तिथे उतरतो जिथे त्याचं काम सुरू व्हायचं असतं. गेटवरच्या अनोळखी सिक्युरिटीसमोर मात्र तो नाकावर असतो.

धोक्याची भावना बातम्यांबरोबर वरखाली होते हेही खरं. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या बातम्या रोज येत होत्या, आणि २०२१ च्या जून-जुलैत राज्यातले बरेच जिल्हे मोकळे होत असताना कोल्हापुरात रुग्ण वाढतच होते. त्या काळात मास्कसाठी कुणाला ओरडावं लागलं नाही. प्रत्येक घराच्या ओळखीत कुणीतरी सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात होतं. ऑक्टोबरला कॉलेजं उघडली तेव्हा ती आठवण मागे पडली होती आणि हातात दोन डोसचं सर्टिफिकेट होतं. लस गंभीर आजार टाळते, लागण पूर्ण थांबवत नाही. पण सर्टिफिकेट दाखवून आत सोडलं जातं म्हटल्यावर मुलांनी त्याचा अर्थ ‘आता सुटलो’ असा घेतला तर त्यांना दोष कसा द्यायचा?

‘लावणार’ म्हणणारा लावतोच असं नाही

आइसेक आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत १९८० च्या दशकातला, १९९१ मध्ये नीट मांडलेला. तो म्हणतो की कृतीच्या आधी हेतू तयार होतो, आणि हेतू तीन गोष्टींतून बनतो: मला ही गोष्ट बरी वाटते का, माझ्या जवळच्यांना काय वाटेल, आणि ती माझ्या हातात आहे का. कॉलेजांमध्ये मास्कवर जी सर्वेक्षणं झाली त्यांतली बरीच याच साच्यातली होती. त्यांतून हेतूचा अंदाज बरा येतो. घोडं पेंड खातं ते पुढे, हेतूपासून कृतीपर्यंत. वेब आणि शीरन यांनी २००६ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले: हेतूत मध्यम ते मोठा बदल घडवला तर कृतीत लहान ते मध्यम बदल होतो. ‘उद्यापासून पहाटे उठून रंकाळ्याला फेरी मारायची’ या हेतूचं काय होतं ते कुणाला सांगायला नको.

मधे काय घडतं? विसरणं, मास्क घरी राहणं, तोंड पुसायला काढलेला परत न लावणं, आणि मुख्य म्हणजे आजूबाजूला बघणं.

दहा मित्रांचं गणित

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये जमाव कसा पेटतो हे समजावण्यासाठी एक साधं गणित मांडलं. तेच इथे अभ्यासिकेत आणू. दहा मित्र आहेत. प्रत्येकाचा एक ‘उंबरठा’ आहे, म्हणजे आधी किती जणांनी मास्क लावलेला दिसला की तो स्वतः लावेल. पहिल्याचा उंबरठा शून्य. त्याच्या घरी वडिलांचं डायलिसिस चालू आहे, तो कुणाकडे न बघता लावतो. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत दहाव्याचा नऊ.

पहिल्यानं लावला. दुसऱ्याला एक मास्क दिसला, त्यानं लावला. आता दोन दिसतात, तिसऱ्यानं लावला. पाच मिनिटांत दहाच्या दहा मास्क वर.

आता फक्त एक बदल करा. दुसऱ्या मुलाचा उंबरठा एकाऐवजी दोन. पहिला लावतो. दुसरा बघतो, एकच मास्क दिसतो, त्याला दोन हवेत. तो थांबतो. तिसऱ्यालाही दोन हवेत, तोही थांबतो. संध्याकाळपर्यंत अभ्यासिकेत एकच मास्क.

दोन्ही गटांना प्रश्नावली दिली तर उत्तरं जवळजवळ सारखी येतील. उंबरठ्यांची सरासरी एकीकडे ४.५, दुसरीकडे ४.६. प्रत्यक्षात एकीकडे दहा मास्क, दुसरीकडे एक. शेजारच्या वर्गात सगळे मास्कमध्ये आणि आपल्या वर्गात कुणीच नाही, तेव्हा ‘आमची बॅचच बेशिस्त’ असं सर म्हणतात. बॅच तीच असते, फक्त दुसरा मुलगा वेगळा असतो. उपाय कुठे करायचा तेही यातून कळतं: नऊ उंबरठ्याच्या मुलाला व्याख्यान देऊन काही होत नाही, एक-दोन उंबरठ्याच्या मुलांना पुरेसे मास्क दिसतील असं बघावं लागतं.

याला जोडून आणखी एक गोष्ट. मनातून मास्क लावावासा वाटणारे अनेक असतात, पण प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना तो नकोय. प्रेन्टिस आणि मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात दारूबद्दल हेच दाखवलं. प्रत्येक विद्यार्थ्याला वाटत होतं की पिण्याबद्दल आपणच जास्त अस्वस्थ आहोत, बाकीचे निवांत आहेत. बाकीच्यांनाही तसंच वाटत होतं. एकमेकांबद्दलचा असा सामूहिक गैरसमज मोडायला त्या वर्गाचा खरा आकडा त्याच वर्गाला दाखवावा लागतो.

पण आकडा कुठला दाखवायचा यात भलतीच गफलत होते. अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. ‘आतापर्यंत अनेकांनी तुकडे नेले, त्यानं उद्यानाचं नुकसान झालं’ अशी पाटी लावली तेव्हा खुणेसाठी ठेवलेल्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के चोरीला गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ एवढ्याच पाटीला हे प्रमाण १.६७ टक्के राहिलं. रॉबर्ट चाल्डिनी यांच्या या प्रयोगाचा अर्थ सरळ आहे: ‘सगळे करतात’ हे रागानं सांगितलं तरी ऐकणाऱ्याला ‘सगळे करतात’ एवढंच ऐकू येतं. ‘बहुसंख्य विद्यार्थी विनामास्क आढळत आहेत, ही खेदाची बाब आहे’ अशी नोटीस बोर्डावर लावणारं ऑफिस स्वतःच्या हातानं उंबरठे वाढवत असतं.

गडी मास्क का लावत नाही

मुली मुलांपेक्षा जास्त नियमित मास्क लावतात हे अनेक देशांत दिसलं. काप्रारो आणि बार्सेलो यांच्या २०२० च्या अमेरिकेतल्या अभ्यासात पुरुषांना मास्क लाजिरवाणा, ‘कूल’ नसलेला आणि दुबळेपणाची खूण वाटतो हे स्त्रियांच्या तुलनेत जास्त दिसलं. त्यातली एक नोंद महत्त्वाची आहे: जिथे मास्क सक्तीचा होता तिथे लावण्याच्या हेतूतला स्त्री-पुरुष फरक जवळपास नाहीसा झाला. सक्ती असली की ‘घाबरला’ हा अर्थ गळून पडतो. लावायलाच लागतो म्हणून लावलाय, एवढंच उरतं.

तालमीच्या आणि फुटबॉलच्या गावात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ‘भावा, घाबरलास व्हय?’ या एका वाक्यात मास्क खाली येतो. मुलींच्या बाबतीत कोल्हापुरात आणखी एक कारण आहे: गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधायची सवय कोरोनाच्या कितीतरी आधीची. उन्हासाठी, धुळीसाठी. चेहरा झाकलेला असणं त्यांना नवं नव्हतं. पण स्कार्फ म्हणजे मास्क नव्हे. सैल विणीचं एकपदरी कापड बारीक थेंब फारसे अडवत नाही, आणि ‘स्कार्फ आहे की’ म्हणून मास्क न घेणाऱ्याही होत्याच.

सक्ती आणि चिडणं

सक्ती उपयोगी पडते हे वर आलं. ती उलटतेही. आपलं स्वातंत्र्य कुणीतरी काढून घेतंय असं वाटलं की माणूस मनाई केलेली गोष्ट मुद्दाम करतो. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये याचा सिद्धांत मांडला. टोलविरोधी आंदोलन करून टोल घालवलेल्या शहराला हा स्वभाव दोष वाटत नाही, आणि तो नेहमी दोष नसतोही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोल्जर घराघरांत घुसले त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. प्लेग खरा होता, उपाय करायलाही हवे होते, पण ते ज्या तऱ्हेनं लादले गेले ते लोकांना सहन झालं नाही.

चीड सगळ्यांत जास्त येते ती कारण न दिसणाऱ्या नियमाची. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं गाडीत एकट्या बसलेल्या माणसालाही मास्क लागेल असं ठरवलं. कायद्यानं त्याची कारणं असतील, पण बघणाऱ्याला प्रश्न पडतोच की एकटा माणूस कुणाला देणार? त्याच्या आधी जागतिक आरोग्य संघटनेनंही घोळ वाढवला होता. सुरुवातीला निरोगी माणसानं मास्क लावायची गरज नाही असं सांगितलं, आणि ५ जून २०२० ला गर्दीच्या ठिकाणी कापडी मास्क वापरा असं सुचवलं. विज्ञान पुढे गेलं म्हणून सल्ला बदलला, हे नीट सांगितलं असतं तर चाललं असतं. न सांगितल्यामुळे ‘यांनाच माहीत नाही’ असा अर्थ निघाला.

म्हणून कॉलेजनं नियम थोडे आणि कारण दिसतील असे ठेवावेत. लायब्ररी, लॅब, बंद खिडक्यांचा वर्ग, केएमटी आणि एसटी इथे मास्क हवा. मोकळ्या मैदानावर एकटा धावणाऱ्या मुलाला शिट्टी मारू नये. मैदानावरचा आग्रह सोडला की लॅबमधल्या आग्रहाला वजन येतं.

अडचणी खऱ्या असतात

त्रास हा शब्द मानसशास्त्राच्या चौकटीत एका ओळीत येतो, प्रत्यक्षात तो दिवसभर चेहऱ्यावर असतो. आणि यातल्या बऱ्याच अडचणी शिकवून सुटणाऱ्या आहेत.

चष्म्यावर वाफ येते, कारण श्वास वरच्या कडेनं बाहेर पडतो. म्हणजे नाकावरची पट्टी बसलेली नाही. लोक ती एका हाताच्या चिमटीनं दाबतात, त्यानं मधे टोकदार घडी पडते आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं नाकाच्या दांड्यावर मधोमध ठेवून, दाबत दाबत गालांकडे न्यायची. वाफ थांबली म्हणजे मास्क बसला. चष्मेवाल्यांना ही तपासणी फुकटात मिळते.

बोलताना मास्क नाकाखाली घसरतो, कारण जबडा उघडला की हनुवटी कापड खाली ओढते. घड्यांचा मास्क पूर्ण उलगडून हनुवटीच्या खाली अडकवला की घसरणं कमी होतं. चेहरा लहान असेल तर कानाच्या दोऱ्यांना मास्कच्या कडेजवळ गाठ मारून बाजूची सैल घडी आत खोचायची. सर्जिकल मास्कच्या गालावरच्या फटी त्यानं बऱ्याच बुजतात.

कापडी मास्क शिवायचा तर विण घट्ट हवी. उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसलं तर कापड कामाचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं तीन थर सुचवले होते: आत घाम शोषणारं सुती, मधे पॉलिप्रोपिलीनचा न विणलेला थर, बाहेर पाणी न धरणारं पॉलिएस्टर. इचलकरंजी शेजारी असताना आतल्या थराचं पॉपलीन शोधायला लांब जावं लागत नाही. झडप असलेला एन-९५ मात्र टाळायचा. श्वास सोडताना झडप उघडते आणि हवा न गाळता बाहेर जाते; केंद्रीय आरोग्य खात्यानं जुलै २०२० मध्येच याबद्दल पत्र काढलं होतं.

पावसाळ्याचा प्रश्न कोल्हापुरात वेगळा लागतो. जुलैत गाडीवरून आलेल्या मुलाचा मास्क गेटवर पोचेपर्यंत ओला झालेला असतो. ओल्या मास्कमधून श्वास घ्यायला जड जातं, मग तो खाली येतो आणि दिवसभर खालीच राहतो. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्याय आहे. बॅगेत झिप पिशवीत दोन कोरडे मास्क आणि ओल्यासाठी एक रिकामी पिशवी, एवढ्यानं काम भागतं.

आवाजाचा मुद्दा शिक्षकांचा. साधा सर्जिकल मास्क बोलण्यातले वरच्या पट्टीचे आवाज सुमारे ३ ते ४ डेसिबलनं कमी करतो, एन-९५ सुमारे १२ डेसिबलपर्यंत. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतला फरक याच वरच्या पट्टीत असतो. ऐंशी मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरून ‘सर, ऐकू येईना’ आलं की सर मास्क खाली घेतात. त्यानंतर वर्गातल्या मास्कचं काय होतं ते वरच्या गणितातून काढता येईल. सर हे सगळ्यांना दिसणारं एकमेव तोंड. कॉलेजनं पोस्टर छापण्याआधी प्रत्येक मोठ्या वर्गात माइक द्यावा.

काय चालतं

सगळ्यांत भरवशाचा मोठा पुरावा बांगलादेशातून आला. २०२०-२१ मध्ये तिथल्या सुमारे ६०० गावांत, तीन लाख चाळीस हजारांहून जास्त प्रौढांवर प्रयोग झाला. काही गावांत घरोघरी मोफत मास्क दिले, माहिती सांगितली, रस्त्यात-बाजारात मास्क नसलेल्यांना माणसांनी थांबवून आठवण केली, आणि गावातली वजनदार माणसं व इमाम यांनी स्वतः मास्क लावून दाखवला. नीट मास्क लावण्याचं प्रमाण इतर गावांत १३.३ टक्के होतं, या गावांत ४२.३ टक्के झालं. मोबाइलवर मेसेज, गावाला बक्षीस, घरावर पाटी यांची वेगळी भर पडली नाही. मास्क लावला की लोक बिनधास्त होऊन जवळ येतील ही भीती होती. तसंही झालं नाही, अंतर ठेवण्याचं प्रमाण २४.१ वरून २९.२ टक्क्यांवर गेलं.

ही गावं आहेत, कॉलेज नव्हे, हे ध्यानात ठेवूनही यातून दिशा मिळते. मेसेज आणि पोस्टर यांना हात आखडता, माणूस आणि मास्क यांना सढळ.

दोन हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज धरू. रोज तीनशे जण मास्क विसरतात असं समजा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं तीन पदरी मास्कची कमाल किंमत ४ रुपये ठरवली होती. त्या भावानं सहा दिवसांचे १,८०० मास्क ७,२०० रुपयांत होतात. मोठ्या फ्लेक्सचे पैसे इथे वळवता येतील. गेटवर एनएसएसचे दोन-दोन स्वयंसेवक, सकाळच्या पहिल्या तासाआधी अर्धा तास. बोलायचं ते एवढंच: ‘दादा, मास्क राहिला वाटतं, हा घे.’ मास्क हातात द्यायचा, बॉक्सकडे बोट दाखवायचं नाही. का नाही लावलास हा प्रश्न विचारायचाच नाही, कारण विचारला की माणूस कारण शोधतो आणि सापडलेल्या कारणाला चिकटतो. स्वयंसेवक निवडताना सगळ्यांत आज्ञाधारक मुलं घेऊ नयेत. फुटबॉल टीमचा कॅप्टन, गॅदरिंगला निवेदन करणारी, कट्ट्यावर ज्याच्या शब्दाला हसू येतं असा एखादा; ‘घाबरलास व्हय’ हे वाक्य अशांच्या तोंडावर बोललं जात नाही.

विसरण्यावरचा इलाज मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्याकडे आहे: हेतू ‘जेव्हा-तेव्हा’च्या वाक्यात बांधायचा. ‘मी मास्क लावीन’ याऐवजी ‘केएमटीच्या पायरीवर पाय ठेवला की मास्क नाकावर’ आणि ‘चहाचा कप खाली ठेवला की मास्क परत’. गॉलविट्झर आणि शीरन यांनी २००६ मध्ये असे ९४ अभ्यास एकत्र पाहिले, परिणाम मध्यम ते मोठा निघाला. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, कारण मास्क लावायचा राहत नाही, परत लावायचा राहतो. वाक्य प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहावं, छापील देऊ नये.

सवय किती दिवसांत लागते? लंडनमधल्या एका अभ्यासात रोजची नवी कृती अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ आणि कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एका आठवड्याचं ‘मास्क जागृती अभियान’ यात कुठे बसतं ते बघा. दिलासा एवढाच की मास्कचा कंटाळा अंतर ठेवण्याच्या कंटाळ्याइतका वाढत नाही. १४ देशांच्या २०२० मधल्या आकडेवारीत माणसांपासून लांब राहणं हळूहळू ढासळलं, मास्क मात्र टिकला, वाढलाही. स्वस्त, सवयीची आणि मित्र न तोडणारी गोष्ट टिकते.

मोजायचं कसं

मानसशास्त्र विभागाची मुलं प्रोजेक्टला हा विषय घेतात आणि गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. फॉर्म कोण भरतं? जे मास्कबद्दल आधीच गंभीर आहेत ते. प्रश्न असतो, ‘तुम्ही नियमित मास्क लावता का?’ उत्तर असतं ‘हो’, कारण हेच उत्तर शोभतं. त्याऐवजी विचारा, ‘शेवटच्या लेक्चरच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत तुमचा मास्क कुठे होता: नाकावर, नाकाखाली, हनुवटीवर, खिशात?’ धोक्याचा प्रश्नही अटीसकट हवा. नुसतं ‘तुम्हाला कोरोना होण्याची शक्यता किती वाटते?’ विचारलं तर मास्क लावणाराच ‘कमी’ म्हणतो, कारण तो मास्क लावतो! मग विश्लेषणात धोका कमी वाटणारे मास्क जास्त लावतात असा उलटा निष्कर्ष येतो. ‘मास्क न लावता लॅबमध्ये तीन तास बसलात तर’ असं विचारलं की गुंता सुटतो.

त्याहून चांगलं म्हणजे डोळ्यांनी मोजणं. चार जागा घ्या: गेट, वर्ग, अभ्यासिका, कट्टा. प्रत्येक ठिकाणी सकाळी आणि दुपारी, समोरून जाणारी सलग शंभर माणसं, निवडून नव्हे. चार रकाने वरच्याच प्रश्नाचे. शंभर माणसांत निम्म्यांचे मास्क नीट दिसले तर खरा आकडा ढोबळमानानं ४० ते ६० मधे कुठेही असू शकतो. चारशे मोजली तर ४५ ते ५५. म्हणून शंभरात पाच टक्के वाढ झाली म्हणून पेढे वाटू नयेत. दोघांनी एकमेकांच्या कागदात न बघता मोजावं, कारण ‘नाकाखाली’ कशाला म्हणायचं यावर हमखास मतभेद होतात. आधी वीस जणांवर सराव करून व्याख्या पक्की करावी. हातात पॅड घेऊन उभं राहिलं की मास्क आपोआप वर जातात, तेव्हा मोबाइलवर टिकमार्क करत बसलेलं बरं. नावं नाहीत, फोटो नाहीत, आणि कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी आधी.

मोजणी मोहिमेच्या आधी एकदा, मोहीम चालू असताना एकदा, आणि स्वयंसेवक गेटवरून हटल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी एकदा. गेटचा आकडा शेवटच्या वेळी थोडा घसरणारच. अभ्यासिका आणि लॅबचा टिकला असेल तर काम झालं. गेट ९० टक्के आणि अभ्यासिका २० टक्के असं चित्र दिसलं, तर पुढच्या खेपेला स्वयंसेवकांच्या खुर्च्या गेटवरून उचलून अभ्यासिकेच्या दारात ठेवाव्यात.